रागी दुसऱ्या कुणाला तोंडाला हात लावू देत नाही

नाही नाही, ती पेस्ट नको — ठेव, ठेव ती पिशवीत. माणसाची पेस्ट कुत्र्याला लावायची नाही गं, सोनम. आपण चूळ भरून थुंकतो, त्याला थुंकता येतंय का? सगळं पोटात जातं. आणि ते गोड लागायला घालतात ना काहीबाही, ते तर त्यांना विषच. डॉक्टरनी मला पहिल्याच दिवशी बजावलं — अम्मा, तुमची पेस्ट तुम्हाला, त्याची त्याला. ही बघ ह्या रागीची. वास घे — घे गं, काही होत नाही — कोंबडीचा वास! आमच्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नाही, आणि आता रोज दोनदा माझं हे बोट कोंबडीत. हसतेस काय? हस बाई, हस. बस त्या स्टुलावर. इथंच बसायचं, युटिलिटीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला. हॉलमध्ये नको. हॉलमध्ये टीव्हीच्या वर तो कॅमेरा आहे, दिसला ना येताना? रागीसाठी लावलाय म्हणतात, रागी एकटा असला तर ऑफिसातून बघायला. पण रागी एकटा असतो कधी? मी असतेच की. आणि मी चप्पल घालायला वाकले की त्यातून आमच्या विनोदकुमारचा आवाज येतो — "आई, कुठं?" अय्यो, पहिल्यांदा आला तेव्हा हातातलं ताट पडलं माझ्या. मुलगा ऑफिसात आणि आवाज भिंतीत! आता सवय झाली. कचरा टाकायला रे, म्हणते, आणि जाते आणि येते.

माझी मराठी वेडीवाकडी वाटत असेल ना तुला? तू पुण्याची. आमची बंगळूरची मराठी, चार पिढ्यांची, अर्धी कन्नड झालेली. पण लिफ्टमध्ये तू फोनवर आईशी बोलत होतीस, "अगं आई, जेवले गं" — आणि मला काय झालं सांगू, मी नववा मजला दाबायचा तर तिसराच दाबला. ह्या घरात मराठी कोण बोलतं? सून म्हैसूरची. हर्षिता. मुलगी चांगली आहे हं, नावं ठेवायला जागा नाही — पण तिच्याशी माझं कन्नड, विनोदचं तिच्याशी इंग्लिश, आणि रागीशी सगळ्यांचं इंग्लिश. मीच एक त्याच्याशी मराठी बोलते. कळतं त्याला. रागी, बस. — बघ, बसला. नाचणीच्या रंगाचा म्हणून रागी. अकरा वर्षांचा आहे, म्हातारा माझ्याइतकाच.

तर बघ. पहिलं काय करायचं? काहीच करायचं नाही. तुझं पिल्लू सात महिन्यांचं ना — मग घाई कसली? चार दिवस नुसती पेस्ट बोटावर घेऊन चाटू दे त्याला. बोट म्हणजे खाऊ, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. मग एक दिवस ओठ वर करायचा. ओठ, जबडा नव्हे — सगळे चुकतात इथंच. तोंड फाकवायला जातात आणि ते जनावर घाबरतं. आपल्याला कुणी असं फाकवलं तर? तोंड मिटलेलंच राहू दे, गालाचा पडदा नुसता असा वर सरकवायचा आणि दातांची बाहेरची बाजू पुसायची. आतली बाजू त्याची जीभ बघून घेते. आणि हे मलमलीचं कापड — ओलं करायचं, बोटाला गुंडाळायचं, दोऱ्याचा एक वेढा, म्हणजे तोंडात सुटत नाही. ब्रश नंतर. काहींना ब्रश चालतो, ह्याला — ह्याला नाही चालत. पुढचे दात सोपे असतात. घाण बसते ती मागं, ह्या वरच्या मोठ्या दाढेवर. पिवळं दिसतं आधी, मग तपकिरी, मग दगड होतो त्याचा. वास सुटतो तो त्याचाच, पोटाचा नव्हे. लोक उगीच दही घालतात, पुदिना घालतात. वास झाकून काय उपयोग, हिरडी आतून सडत असते. आणि हाडं देऊ नकोस हं चघळायला, ती पांढरी कडक, दुकानात मिळतात ती. दात उभा चिरतो. गाजर दे. पाणी रोज बदल, भांडं घासून.

एवढं कसं येतं विचारतेस? बोटात आहे गं माझ्या. आमचे हे — नरसिंगराव — शिंपी होते, कॉटनपेटेत दुकान, बायकांचे ब्लाउज. ते कापायचे आणि शिवायचे, आणि हुक, काज, हातशिलाई सगळी माझी. पंचेचाळीस वर्षं. डोळे मिटून हुक लावीन अजून. तर मलमलीतून बोट फिरलं ना, की दाढेवर कुठं खरखर आहे ते मला कळतं, बघावं लागत नाही. डॉक्टर चकित झाले. म्हणाले, अम्मा, दवाखान्यात मशीननं करतो तसे ठेवलेत तुम्ही दात. भूल द्यावी लागते मशीनला. ह्याला भूल देता येत नाही, हृदय मोठं झालंय ह्याचं, गोळ्या चालू आहेत. म्हणजे कसं, दाढ किडली तर काढायला भूल हवी, भूल दिली तर हा उठेल की नाही माहीत नाही. म्हणून दाढ किडूच द्यायची नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एक दिवस खाडा नाही. कळलं ना? एक दिवस नाही.

खाडा केला होता ना मी. दिवाळीनंतर. दोन दिवस होसकोट्याला गेले, अक्काकडं. माझी थोरली बहीण, ठकुबाई. तिचा मुलगा तिकडं कारखान्यात होता, तिथंच घर घेतलं. दोनच दिवस गं! भाकरी खाल्ली, गप्पा मारल्या, दुपारी जमिनीवर चटई टाकून दोघी आडव्या झालो. परत आले तर ह्याची हिरडी सुजून लाल. खात नव्हता. विनोदनं सुट्टी काढली, हर्षिता रडत होती, औषधाची इंजेक्शनं, आठ दिवस पातळ खिचडी भरवली मी हातानं. कुणी मला काही बोललं नाही हं. एक शब्द नाही. विनोद एवढंच म्हणाला — आई, आता परत नको. मग नाही गेले.

आणि आता अक्का पडली. तीन आठवडे झाले. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आत सळी घातलीय. घरी आणलंय, पण उठता येत नाही. तिची सून भाग्यलक्ष्मी पहाटेच्या पाळीला जाते, मुलगाही कामावर, आणि अक्का सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत एकटी पलंगावर. उशाशी पाण्याची बाटली आणि फोन. तहान लागली तरी फार पीत नाही म्हणे. का? मग उठावं लागेल म्हणून! ऐकलंस? ती मला म्हणाली हे हसत हसत. मी चार वर्षांची होते आई गेली तेव्हा, अक्का अकराची. शाळा सोडली तिनं. माझी वेणी तिनं घातली, मला जेवू तिनं घातलं. सकाळी राखुंडी घेऊन मागच्या दारी बसवायची मला आणि बोटानं दात घासून द्यायची माझे. मी चावायची तिला मुद्दाम, आणि ती ओरडायची नाही. आता ती झोपलीय तिकडं आणि मी इथं नवव्या मजल्यावर. किती लांब आहे गं होसकोटं? सर्जापूर रोडवरून गाडीनं तासा-दीड तासाचं. त्या खिडकीतून त्या बाजूचं आभाळ दिसतं मला! रोज फोन करते. काल नुसतं "कधी येतेस?" विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "सरी सरी, असू दे, तुला कामं असतील." मला कामं! मी फोन ठेवून इथंच बसले, ह्याच स्टुलावर.

म्हणून तुला बोलावलं मी. खरं सांगते, लपवत नाही — तुझ्या पिल्लाचं शिकवायचं आहेच, पण माझाही स्वार्थ आहे. तुझं काम घरातून चालतं ना, लॅपटॉपवर? दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं येऊन जाशील का गं? दहा दिवस. पंधरा म्हण. अक्का काठीनं चालायला लागली की मी परत. विनोदला विचारून ठेवलंय. काल तो म्हणाला, शेजारची मुलगी करू शकत असेल तर खुशाल जा आई, महिनाभर राहा. तीन वाजता मिटिंग संपली की फोन करणार आहे, जमलं का विचारायला. माझी पिशवी भरलेलीच आहे, पलंगाखाली. तीन आठवडे झाले भरून.

काय? हर्षिता का नाही करत? अगं, तिला नाही जमत. तो हातच लावू देत नाही तिला. चावला की तिला — हो, हा! इथं, उजव्या अंगठ्याला, दोन टाके पडले. ब्रश घेऊन आली की पलंगाखाली शिरतो. विनोदलाही तसंच. डॉक्टरांना कोडं पडलं, म्हणाले, अम्माला देतो आणि ह्या दोघांना का नाही? कशाला तरी घाबरलाय तो, शोधून काढा. मला विचारलं तर मी म्हटलं, मला काय ठाऊक, मुक्या जनावराच्या मनातलं. गरीब आहे गं तसा, आयुष्यात माशीला धरलं नसेल त्यानं. पण कारल्याची चव एकदा तोंडाला बसली की —

काही नाही. काही नाही म्हटलं मी. पाणी पितेस का? ताक आहे.

अशी काय बघतेस? बस खाली. बस. सांगते. कुणाला सांगणार आहेस तू, तुझी कुठं ओळख आहे इथं. मी आले ना ह्या घरात — हे गेल्यावर, दोन वर्षं झाली — दुकान बंद, भाड्याचं घर सोडलं, मशीन कुणाला तरी देऊन टाकलं. सगळं चांगलंच केलं मुलानं, वेगळी खोली दिली. पण काम? स्वयंपाकाला हेमावती येते. धुण्याला हे मशीन, भांड्याला ते दुसरं. झाडायला ती गोल थाळी फिरते जमिनीवर. मी भाजी निवडायला घेतली तर भाजी निवडलेलीच येते, पाकिटात! हर्षिताचा एक ब्लाउज उसवला होता, मी म्हटलं दे, तर म्हणाली अत्ते, तुम्ही कशाला त्रास घेता, खाली दुकान आहे. त्रास! सकाळी आंघोळ करून बसायचे मी सोफ्यावर हात मांडीवर ठेवून, जसं कुणाच्या घरी पाहुणे गेलोय आणि घरातले अजून बाहेर आलेले नाहीत. सुम्ने बसायचं, उगीच. महिनेच्या महिने. तेव्हा रागीचे दात हर्षिता घासायची. बरं जमायचं तिला, खोटं कशाला बोलू. फोनवर बघून शिकली होती. एक दिवस तिला ताप होता, मला म्हणाली, अत्ते, आज तुम्ही बघता का. मी मलमल गुंडाळली आणि केलं. संध्याकाळी विनोद त्याच्या तोंडाशी नाक नेऊन म्हणाला, "अरे वा, आई! आज वासच नाही!" तुला सांगते, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

मग ती बरी झाली. आणि परत ब्रश तिच्या हातात गेला. मग मी — हागलकाई गं, कारलं — भाजीसाठी आणलेलं असतं ना, किसून त्याचा रस. थेंबभर. तिच्या ब्रशला लावायची, ती यायच्या आधी. विष नव्हे, मी स्वतः चाखून बघितलं होतं, नुसतं कडू. पाच-सहा दिवस. रागी तोंड फिरवायला लागला, मग गुरगुरायला लागला. मला वाटलं ती कंटाळेल आणि सोडेल, बस. विनोदच्याही हातात तोच ब्रश. आणि मग त्या दिवशी तिनं जोर केला, धरलं त्याचं तोंड — आणि रक्त. ती कळवळली, तो थरथर कापत होता, आणि मी धावले, हळद दाबली तिच्या अंगठ्यावर. ती म्हणाली, "अत्ते, तुम्ही होता म्हणून." तुम्ही होता म्हणून! ब्रश मी त्याच रात्री फेकला. पण ह्याच्या डोक्यातून जात नाही ते. हर्षिताच्या हाताचा वास आला की अजून शेपूट पायात. किती वेळा तोंडाशी आलं, सांगून टाकावं. सांगितलं तर ती नव्या ब्रशनं, पेस्ट चाटवून, पहिल्यापासून सुरू करेल, पंधरा दिवसांत होईल. डॉक्टरच म्हणाले, कारण कळलं तर होईल. आणि मी अक्काजवळ असेन. पण सांगायचं कुणाला? तिच्या अंगठ्यावर वण आहे अजून. चहा देताना दिसतो मला रोज. मीच दार लावलं आणि मीच आत बसलेय, काय सांगू तुला.

रडत नाहीये. डोळ्याला येतं असंच पाणी, दुपारचं. चल, तीन वाजत आले. ये, खाली बस, त्याच्या बाजूला — समोर नको, समोर बसलं की त्यांना वाटतं धरतायत. हे घे कापड. गुंडाळ. वेढा घाल दोऱ्याचा, सैल, बोट काळं पडेल. पेस्ट लाव, स्वल्प, मुगाएवढी. आता चाटू दे. पापा, बिचारा, बघ कसा चाटतोय. घाबरू नकोस, मी धरलंय त्याला. खरं तर तूही त्याला परकीच, पलंगाखाली जाईल आत्ता. वरचा ओठ, हां, सरकव. मागं जा. हळू — अगं.

देतोय की.

थांबू नकोस, कर. गोल गोल. लागली का खरखर? नाही ना, सकाळीच केलंय मी. आता दुसरी बाजू — ती बाजू तो मलाही पटकन देत नाही, सांगून ठेवते — दिली! देवा! सोनम, जाते मी. जाते मी अक्काकडं. संध्याकाळची गाडी सांगायला लावते विनोदला, आठ वाजेपर्यंत पोचेन, तिला पाणी पाजीन पोटभर, हवं तितक्या वेळा उठवीन. रागी! बघितलंस काय शहाणा आहे माझा — रागी? इकडं बघ. ए. हनुवटी ठेवलीय बघ तुझ्या गुडघ्यावर. किती वेळ लागला तुला? पाच मिनिटं? माझ्या गुडघ्यावर अशी ठेवायला त्याला तीन आठवडे लागले होते.

हो, खुशाल राहा महिनाभर, म्हणाला विनोद. हर्षिताही म्हणाली, अत्ते, हवे तितके दिवस राहा, घाई करू नका. आणि परवा ती टेप घेऊन माझ्या खोलीत होती. खिडकीखालची भिंत मापत होती. मला बघून हसली, म्हणाली, सुम्ने बघत होते. मापं घेतलेली मला कळत नाहीत होय? जन्म गेला माझा मापात. टेबल बसवायचंय तिथं, विनोदला घरून काम करायला. वाईट मनानं नाही गं. वाईट मन नाहीच कुणाचं ह्या घरात.

पुरे. पुरे झालं, काढ बोट. काढ म्हणते ना!

— थांब, फोन. हॅलो. हां, विनोद. हो, आलीय ना, समोरच बसलीय. हो, बघितलं करून. दोनदा बघितलं. — नाही रे. नाही जमलं. — गुरगुरला तिच्यावर, दात दाखवले. मी होते म्हणून, नाहीतर धरलंच असतं तिला. नको नको, परक्याची लेक, उद्या काही झालं तर? — उद्या परत बघू कशाला, ती घाबरलीय किती. — अक्काला ना? अक्काला मी सांगते. पुढच्या महिन्यात बघते म्हणून सांगते. समजूतदार आहे ती. — हो, जेवले. हो, त्याला गोळी देते चारला. ठेव.

बघू नकोस अशी. कापड दे ते इकडं, धुवायचंय मला. तुझं पिल्लू एकटं आहे ना घरी, जा, वाट बघत असेल. उद्या? उद्या नको येऊस. जाताना दार नुसतं ओढून घे, आपोआप लागतं ते.